वाचकांचे प्रश्न : वाचनतज्ज्ञ होण्यासाठी कोणता अभ्यासक्रम निवडावा?

प्रश्न : मी अमेरिकेतील एका प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. वर्गातील काही मुले अजूनही अडखळत वाचतात आणि त्यांना जादा वेळ देऊनही फारसा फरक पडत नाही. त्यामुळे ‘रीडिंग स्पेशालिस्ट’ होण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, असा विचार आहे. अनेक विद्यापीठांची माहितीपत्रके वाचली. सगळी सारखीच वाटतात. निवड कशी करावी? नोकरी सांभाळून ऑनलाइन शिकले तर चालेल का?

उत्तर : जादा वेळ देऊनही फरक पडत नाही, हे आपण मोकळेपणाने लिहिले आहे आणि या शिक्षणाची गरज नेमकी तिथेच सुरू होते. न वाचता येणाऱ्या मुलाला तोच धडा पुन्हा पुन्हा वाचायला लावणे ही मेहनत खरी असली, तरी ते मूल कोठे अडते हे कळल्याशिवाय ती बहुधा वाया जाते.

आधी नियमांचे पाहू. पात्रतेच्या अटी प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवते. बहुतेक ठिकाणी अध्यापनाचा परवाना, वर्गात शिकवल्याचा काही अनुभव, ठरावीक पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि अनेकदा एक परीक्षा, असे त्यांचे स्वरूप असते. पूर्ण मास्टर्स पदवी साधारणपणे ३० ते ३६ क्रेडिटची असते. मात्र आधीच मास्टर्स झालेले असेल, तर काही राज्यांत केवळ प्रमाणपत्राचा छोटा अभ्यासक्रमही पुरतो. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी आपल्या राज्याच्या शिक्षण खात्याकडून अटी लेखी मागवाव्यात. विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर विसंबू नये, कारण दुसऱ्या राज्यातील विद्यापीठाचा अभ्यासक्रम आपल्या राज्यात आपोआप ग्राह्य धरला जाईलच असे नाही.

माहितीपत्रके सारखी वाटतात, याचे कारण सर्वांचा सैद्धांतिक पाया आता बराचसा एकच आहे. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडले की, वाचनाचे आकलन म्हणजे लिपीची उकल (अक्षरांवरून शब्द ओळखणे) आणि भाषेची समज यांचा गुणाकार. ही बेरीज नसून गुणाकार आहे, यातच सारे आले : दोहोंपैकी एक बाजू शून्य असेल, तर दुसरी कितीही भक्कम असली तरी हाती काहीच लागत नाही. २००० साली नॅशनल रीडिंग पॅनेल या अमेरिकेतील तज्ज्ञ समितीच्या अहवालाने ध्वनींची जाण, अक्षर व ध्वनी यांचे नाते, ओघ (न अडखळता वाचणे), शब्दसंपदा आणि आकलन या पाच अंगांच्या शिकवणीला संशोधनाचा आधार दिला. कोणत्याही चांगल्या अभ्यासक्रमात हे असतेच. खरा फरक पडतो तो प्रात्यक्षिकात, आणि माझ्या मते निवड त्यावरूनच करावी.

एक उदाहरण घेऊ. घोड्याचे चित्र असलेल्या पानावर ‘हॉर्स’ हा शब्द आहे. एक मूल तो ‘पोनी’ (लहान घोडा) असा वाचते. दुसरे ‘हाऊस’ असे वाचते आणि वाक्याला अर्थ उरला नाही तरी न थांबता पुढे जाते. तिसरे बरोबर वाचते, पण प्रत्येक शब्दाला इतके थांबते की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. वर्गातील नोंदवहीत तिघांपुढेही ‘वाचनात कच्चा’ असाच शेरा पडेल. प्रशिक्षित वाचनतज्ज्ञाला मात्र येथे तीन वेगळ्या शक्यता दिसतात : पहिले मूल अक्षरे न पाहता चित्रावरून अंदाज बांधत असावे, दुसरे शब्दाची फक्त टोके पाहून मधली अक्षरे सोडत असावे आणि अर्थाकडे त्याचे लक्ष नसावे, तर तिसऱ्याला उकल जमते पण ओघ आलेला नाही. एका चुकीवरून निष्कर्ष काढायचा नसतो. पुढच्या चाचण्या कोणत्या घ्यायच्या, हे मात्र त्या चुकीवरून ठरते. पहिल्या मुलाला ‘चित्र बघ आणि ओळख’ असे सांगणे म्हणजे त्याची सवय पक्की करणे होय. दुर्दैवाने कित्येक वर्षे अनेक शाळांत हेच शिकवले गेले आणि आता काही राज्यांनी त्याला कायद्याने मनाई केली आहे.

ही नजर पुस्तकातून येत नाही. प्रत्यक्ष मुलाला शिकवताना जाणकार पर्यवेक्षकाने आपल्याला पाहावे, नोंदी तपासाव्यात आणि ‘याच क्षणी तुम्ही उत्तर का सांगून टाकले?’ असे विचारावे, तेव्हा ती घडते. म्हणून विद्यापीठाला थेट विचारावे : प्रात्यक्षिकाचे तास किती? एकाच मुलाबरोबर सलग किती आठवडे काम करावे लागते? पर्यवेक्षक आमचे तास स्वतः पाहतात, की आम्ही लिहिलेला अहवाल केवळ वाचतात? मूल एखाद्या शब्दाशी अडले तर काय करावे, असे तुम्ही शिकवता? शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळाले, तर दुसरे विद्यापीठ पाहावे. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन शिकण्यातील विशेष अडचण, या विषयावर काम करणारी इंटरनॅशनल डिस्लेक्सिया असोसिएशन आपल्या निकषांत बसणाऱ्या अभ्यासक्रमांना मान्यता देते. ती यादीही चाळावी.

ऑनलाइन अभ्यासक्रमाला माझा विरोध नाही. सिद्धान्ताचे विषय घरबसल्या उत्तम शिकता येतात आणि नोकरी करणाऱ्या शिक्षिकेला दुसरा मार्ग अनेकदा नसतोही. मात्र आपल्याच शाळेतील मुलांबरोबरचे तास चित्रित करून पर्यवेक्षकाला दाखवण्याची आणि त्यावर सविस्तर चर्चेची सोय त्यात हवी. तशी सोय नसेल, तर शुल्क कमी असले तरी तो अभ्यासक्रम घेऊ नये.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रात नाही, पण ती आधीच ठाऊक असलेली बरी. या पदावर गेल्यावर अनेक शाळांत निम्मे काम मोठ्यांबरोबर असते : सहकाऱ्यांच्या वर्गात बसणे, चाचण्यांचे निकाल त्यांना समजावून सांगणे, पालकांशी बोलणे. इंटरनॅशनल लिटरसी असोसिएशन या वाचन-लेखन शिक्षणाच्या संस्थेच्या २०१७ च्या मानकांत वाचनतज्ज्ञ, शिक्षकांचा मार्गदर्शक आणि समन्वयक या तीन भूमिका वेगळ्या मांडल्या आहेत. प्रत्यक्षात त्या पुष्कळदा एकाच व्यक्तीकडे येतात. वीस वर्षे शिकवलेल्या सहकाऱ्याला त्याचा मान राखून वेगळी पद्धत सुचवणे सोपे नाही. त्यासाठी स्वतंत्र विषय असलेला अभ्यासक्रम मिळाला, तर त्याला प्राधान्य द्यावे. तोवर आपल्या वर्गातील त्या मुलांपैकी एकाचे वाचन रोज पाच मिनिटे ऐकून त्याची प्रत्येक चूक जशीच्या तशी लिहून ठेवायला सुरुवात करावी. प्रवेशाच्या मुलाखतीत त्या नोंदी सोबत न्याव्यात.