स्वातंत्र्यानंतर भारताचे अन्नधान्य उत्पादन कसे बदलत गेले आणि ही वाढ सर्व पिकांत सारखी आहे का?

१९५०-५१ साली देशात सुमारे ५.१ कोटी टन अन्नधान्य पिकत असे. २०२२-२३ मध्ये हा आकडा सुमारे ३३ कोटी टनांवर गेला. लागवडीखालील क्षेत्र या काळात दीडपटही वाढलेले नाही, म्हणजे वाढ मुख्यतः हेक्टरी उताऱ्यातून आली आहे.

ती सरळ रेषेत मात्र झाली नाही. १९६४-६५ मध्ये जवळपास ८.९ कोटी टनांवर पोचलेले उत्पादन पुढच्याच वर्षीच्या दुष्काळात ७.२ कोटींवर घसरले आणि अमेरिकी गव्हावर विसंबावे लागले. १९६६ मध्ये मेक्सिकोहून गव्हाचे १८,००० टन बियाणे आणले गेले. जुन्या उंच जाती खताचा डोस वाढवला की ओंबीच्या भाराने लोळत. या बुटक्या जाती उभ्या राहत, आणि पंजाब-हरियाणातील कालवे व विंधन विहिरी यांच्या जोडीने, शिवाय हमीभावाने खरेदी होत असल्याने, गव्हाचे उत्पादन झपाट्याने वाढले.

सर्व पिकांना हे भाग्य लाभले नाही. कडधान्ये बहुतांशी कोरडवाहू जमिनीतच राहिली, त्यामुळे १९५१ मध्ये दरडोई रोज सुमारे ६० ग्रॅम असलेली डाळीची उपलब्धता पुढे कितीतरी घटली. ज्वारीचे क्षेत्र तर निम्म्याहूनही खाली आले; आपल्याकडे भाकरीची जागा चपातीने घेतली, हे त्याचे एक कारण (कडब्यासाठी ज्वारी पेरणारे अजून आहेत, हा भाग वेगळा).