‘आजी’ हा शब्द त्रिनिदादला कसा पोचला?

प्रश्न (एक वाचक, कोल्हापूर): त्रिनिदाद बेटावरच्या पोर्ट ऑफ स्पेनची मॅच लागली की आमचे आजोबा हमखास १९७१ ची गोष्ट काढतात, वाडेकरांची टीम, सरदेसाईंचं शतक, गावसकरांची पहिलीच टेस्ट. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच असतं, की रामदिन, रामपॉल, नरेन ही नावं वेस्ट इंडिजच्या टीममधे आली कुठून? मधे एका ग्रुपवर मेसेज आला होता की इंग्रजांनी गरीब भारतीयांना फुकट तिकिटावर तिथं नेलं, जमिनी दिल्या, कायदा आणि शिस्त दिली, त्यांचं भलंच झालं. हे कितपत खरं आहे?

उत्तर: आजोबांना आधी नमस्कार सांगा. मार्च १९७१ मधे त्याच मैदानावर आपण वेस्ट इंडिजला पहिल्यांदा टेस्टमधे हरवलं, त्यामुळे ते ती गोष्ट शंभर वेळा सांगणारच आणि सांगायलाच हवी.

आता मेसेजबद्दल. तिकीट फुकट होतं हे खरं, काहींना पुढे जमिनी मिळाल्या हेही खरं, पण मधलं सगळं गाळलंय आणि जे गाळलंय तोच तर इतिहास आहे. जरा मागून सुरुवात करतो.

त्रिनिदाद सुरुवातीपासून इंग्रजांचं नव्हतं. १४९८ ला कोलंबस तिथं पोचला आणि पुढची तीनशे वर्षं बेट स्पेनकडे होतं, पण स्पेनचं लक्षच नव्हतं तिकडे. १७८३ ला स्पेनने जाहीर केलं की कॅथलिक असाल तर या, जमीन घ्या, तेव्हा आजूबाजूच्या बेटांवरचे फ्रेंच मळेवाले आपापले आफ्रिकन गुलाम घेऊन आले. मग १७९७ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचं आरमार आलं आणि स्पॅनिश गव्हर्नरने फारशी लढाई न करता बेट सोपवलं. म्हणजे झेंडा इंग्रजांचा, कायदा स्पॅनिश, रस्त्यावरची भाषा फ्रेंच आणि राबणारे हात आफ्रिकन असं ते बेट होतं.

आणि शिस्तीचं म्हणाल तर पहिला इंग्रज गव्हर्नर थॉमस पिक्टन. १८०१ मधे लुइसा काल्देरोन नावाच्या चौदाच्या आतबाहेरच्या मुलीवर चोरीत मदत केल्याचा आळ आला, ती कबूल करेना, तर या माणसाने तिचा छळ करायचा लेखी हुकूम दिला. तिला मनगटाने दोरीला टांगलं आणि अनवाणी पाय टेकायला खाली फक्त एक लाकडी खुंटी. पुढे लंडनमधे त्याच्यावर खटला चालला, १८०६ ला दोषी ठरला, पण त्याच्या वकिलांचं म्हणणं काय, तर बेटावर अजून स्पॅनिश कायदा लागू आहे आणि त्यात छळाला परवानगी आहे. पुन्हा सुनावणी झाली आणि शिक्षा अशी काही झालीच नाही. नंतर तो वॉटर्लूच्या लढाईत मेला आणि ब्रिटनमधे त्याची स्मारकं उभी राहिली. कायदा दिला म्हणतात तेव्हा मला ती मुलगी आठवते, आणि ती आठवायलाच पाहिजे असं मला वाटतं.

गुलामगिरी कायद्याने संपली १ ऑगस्ट १८३४ ला, पण कागदावरच. शेतावरच्या माणसांना अजून सहा वर्षं त्याच मालकाकडे बिनपगारी राबायचं होतं, याला नाव दिलं ‘अप्रेंटिसशिप’. ज्याने जन्मभर ऊस तोडला त्याला ऊस तोडायला शिकवणार म्हणे! त्या दिवशी पोर्ट ऑफ स्पेनमधे गव्हर्नरच्या घरासमोर माणसं जमली, म्हातारे, बायका, आणि फ्रेंचमधून एकच ओरडा, सहा वर्षं नाही, सहा वर्षं नाही. शेवटी चार वर्षांत, १८३८ ला सगळे मोकळे झाले. भरपाई म्हणून ब्रिटिश सरकारने सगळ्या वसाहती मिळून २ कोटी पौंड दिले, पण ते मालकांना, राबणाऱ्यांना एक पेनी नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिस्सा ब्रिटनने २०१५ मधे फेडला, म्हणजे अगदी आत्ता आत्ता.

मोकळी झालेली माणसं बरा पगार मागायला लागली, बरीचशी मळे सोडून स्वतःची शेती करायला गेली. मळेवाल्यांना तर स्वस्त आणि जागचे न हलणारे मजूर हवे होते. इथे आपली माणसं येतात. कलकत्त्याहून निघालेलं ‘फतेल रझाक’ नावाचं जहाज साडेतीन महिन्यांनी, ३० मे १८४५ ला, पोर्ट ऑफ स्पेनला लागलं, त्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती. तेव्हापासून १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांच्या वर भारतीय तिथं गेले. गावोगाव फिरून माणसं गोळा करणाऱ्या दलालांना अरकाटी म्हणत. ते सांगायचे की चिनीदादला चला, चिनी म्हणजे साखर, साखरेचा देश, असं तिथल्या घरांमधे अजून सांगतात.

करार पाच वर्षांचा, अ‍ॅग्रिमेंटचं झालं ‘गिरमिट’. ऊसतोड म्हणजे काय हे कोल्हापूरच्या माणसाला मी काय सांगणार. त्यात भर अशी की कामावर न जाणं हा फौजदारी गुन्हा, इस्टेटीबाहेर पाऊल टाकायचं तर चिठ्ठी पाहिजे, नाहीतर दंड नाहीतर तुरुंग. मजुरी ठरलेल्या कामाला दिवसाला २५ सेंट आणि तीही वर्षानुवर्षं तेवढीच. राहायला लांबलचक बरॅकी, दोन खोल्यांमधली भिंत छतापर्यंत जायचीच नाही, म्हणजे शेजारच्या खोलीतलं रडणं, भांडण, खोकला सगळं ऐकू यायचं. आणि फुकट परतीचं तिकीट पाच वर्षांनी नाही, बेटावर एकूण दहा वर्षं काढल्यावर! जमिनी दिल्या त्या १८६९ नंतर काही वर्षं, ज्यांनी परतीचा हक्क सोडला त्यांना. म्हणजे ते बक्षीस नव्हतं, सौदा होता. साधारण चौघातला एकच परत आला.

१८८४ मधे सरकारने मोहरमच्या मिरवणुका शहरात आणायला बंदी घातली. तिथं मोहरमला ‘होसे’ म्हणतात, हुसेनवरून, आणि त्यात हिंदू मजूरही ताबूत उचलायचे, आपल्याकडच्या गावांमधे असायचं तसंच. लोक तरीही निघाले आणि सान फर्नांडो शहराजवळ पोलिसांनी नि:शस्त्र मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. अनेक मेले, शंभरावर जखमी झाले.

प्रश्न (त्याच पत्रातून): यात मराठी माणसं होती का?

उत्तर: फारशी नाहीत. त्रिनिदादला गेले ते मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधले, कलकत्त्याहून, आणि काही मद्रासहून. मुंबई बंदरातून कोकणातली वगैरे माणसं गेली ती मॉरिशसला आणि तिथं मराठी अजून टिकून आहे. पण एक मराठी माणूस या गोष्टीत आहे आणि त्याचं नाव यात सहसा कोणी घेत नाही. गोपाळ कृष्ण गोखले. १९१० मधे त्यांनी कायदेमंडळात ठराव आणून दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीला मजूर पाठवणं बंद करायला लावलं आणि मार्च १९१२ मधे ही पूर्ण पद्धतच बंद करा असा ठराव मांडला. सरकारी मतांच्या जोरावर तो पाडला गेला. गोखले १९१५ ला गेले, १९१७ ला भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० ला उरलेसुरले करार रद्द झाले. त्यांना ते बघायला मिळालं नाही याची मला खरंच चुटपुट लागते.

आणि सुरुवातीच्या ‘आजी’ या शब्दाचं म्हणाल तर तिथं वडिलांच्या आईवडिलांना ‘आजा’ आणि ‘आजी’ म्हणतात. ते भोजपुरीतून गेले, मराठीतून नाही, पण ऐकलं की आपलंच कोणीतरी हाक मारतंय असं वाटतं.

प्रश्न (एक वाचक, चिपळूण): आफ्रिकन आणि भारतीय कधी एकत्र आले का, की इंग्रजांनी त्यांना कायम वेगळंच ठेवलं?

उत्तर: वेगळं ठेवलं हे खरंच. एकाच्या जागी कमी पैशात दुसऱ्याला आणलं की मनं कशी जुळणार, आणि राजकारणात ती फट आजही दिसते. हिंदू पद्धतीच्या लग्नाला तर तिथं १९४५ पर्यंत कायद्याची मान्यताच नव्हती, म्हणजे रीतसर लग्न केलेल्या आईबापांची मुलं सरकारी कागदावर अनौरस.

पण १९३७ बघा. तोपर्यंत बेटावर तेल निघालं होतं. फैझाबाद नावाच्या गावात, हो, आपल्याकडच्या फैझाबादवरूनच पडलेलं नाव, तेलकामगारांचा पुढारी युराया बटलर १९ जूनला सभेत बोलत होता. पोलीस त्याला धरायला आले, जमाव उसळला, एका पोलिसाला जाळून मारलं गेलं आणि संप बेटभर पसरला, इंग्रजांनी युद्धनौका बोलावल्या. बटलर लपला, नंतर तुरुंगात गेला, तेव्हा तेलकामगारांची युनियन उभी केली अ‍ॅड्रियन कोला रिएन्झी या वकिलाने, आणि त्याचं जन्माचं नाव होतं कृष्ण देवनारायण. बहुतेक आफ्रिकन वंशाचे तेलकामगार, त्यांच्या युनियनचा अध्यक्ष गिरमिटियांच्या घरातला, आणि हाच माणूस ऊसमजुरांची युनियनही चालवत होता. १९६२ ला देश स्वतंत्र झाला आणि १९ जूनला तिथं कामगार दिनाची सुट्टी असते.

प्रश्न (एक वाचक, पुणे): तिथल्या लोकांना आपलं मूळ गाव शोधता येतं का?

उत्तर: येतं, पुष्कळांना येतं, कारण इंग्रजांनी माणसाची नोंद मालासारखी बारीक ठेवली होती. जहाजावर चढताना प्रत्येकाचा पास बनायचा, त्यावर नाव, बापाचं नाव, गाव, ठाणं, जिल्हा, जात, उंची आणि अंगावरची खूण. ही रजिस्टरं पोर्ट ऑफ स्पेनच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात आहेत. कमला प्रसाद-बिसेसर त्रिनिदादच्या पंतप्रधान असताना जानेवारी २०१२ मधे बिहारच्या बक्सर जिल्ह्यातल्या भेलूपूरला गेल्या, पणजोबांच्या गावी. राम लखन मिश्रा असं त्या पणजोबांचं नाव.