स्वतः प्रकाशित केलेल्या पहिल्या कादंबरीच्या जाहिरातीवर 500 डॉलर कुठे खर्च करावेत?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: पहिली कादंबरी किंडलवर 4.99 डॉलरला आहे, पेपरबॅकही आहे, सात-आठ रिव्ह्यू आलेत आणि 500 डॉलर बाजूला काढलेत. ॲमेझॉन ॲड्स, फेसबुक, बुकबब (सवलतीतली पुस्तकं ईमेलने कळवणारी सेवा) आणि एक तयार ‘बुक मार्केटिंग पॅकेज’, यातलं काय घ्यावं?

पॅकेज घेऊ नका. बाकीच्यांचा क्रम लावण्याआधी एक हिशेब करा: एक नवा वाचक मिळाला तर तुमच्या हातात किती पडतात?

4.99 डॉलरच्या ई-बुकवर 70 टक्के रॉयल्टी मिळते, पण त्याआधी फाइलच्या आकारानुसार डिलिव्हरीचा खर्च कापला जातो. अमेरिकेत तो मेगाबाइटला 15 सेंट आहे. फाइल अर्ध्या मेगाबाइटची धरली तर हातात येतात साधारण 3.44 डॉलर. आता समजा, जाहिरातीवर क्लिक करून आलेल्या दहा जणांपैकी एकाने पुस्तक घेतलं. म्हणजे एका क्लिकला 34 सेंटपेक्षा जास्त दिले की तोटा सुरू. वीसमधल्या एकानेच घेतलं तर मर्यादा 17 सेंटवर येते, आणि चालत्या प्रकारच्या कादंबऱ्यांसाठी एवढ्या कमी बोलीत (एका क्लिकसाठी देऊ केलेल्या रकमेत) जाहिरात दिसणंसुद्धा कठीण असतं.

तीन भागांची मालिका असेल तर हेच गणित बदलतं. पहिला भाग वाचणाऱ्यांपैकी निम्मे दुसरा घेतात आणि त्यातले 80 टक्के तिसरा, असं धरा. तिन्हींची किंमत सारखी असेल तर एका वाचकामागे 3.44 गुणिले 1.9, म्हणजे साडेसहा डॉलर येतात. तीच जाहिरात, तेच क्लिक, पण परवडायला लागतं. क्लिकच्या जाहिरातींवर टिकून राहणाऱ्या लेखकांकडे बहुधा मालिका असते, ती यामुळेच. एकट्या कादंबरीसाठी या जाहिराती म्हणजे शिकण्याची फी समजा आणि फी मोजूनमापून भरा.

जाहिरात माणसाला पुस्तकाच्या पानापर्यंत आणते, तिचं काम तिथे संपतं. पुढचं काम मुखपृष्ठ, वर्णन आणि नमुन्याची पहिली पानं करतात. तुमच्या प्रकारातल्या सर्वाधिक खपाच्या वीस कादंबऱ्यांची मुखपृष्ठं टपाल तिकिटाएवढी करून एका पडद्यावर लावा आणि त्यांत आपलं ठेवा. नाव वाचता येत नसेल किंवा रहस्यकथा प्रेमकथेसारखी दिसत असेल, तर 500 डॉलर आधी चांगल्या डिझायनरला द्या. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळी स्वतंत्र वाचून पाहा, कारण मोबाइलवर बाकीचा मजकूर दडलेला असतो, तो टॅप करून उघडावा लागतो.

हे जमलं असेल तर पहिला खर्च सवलतीच्या न्यूजलेटरवर करा. बार्गेन बुक्सी, फ्रीबुक्सी, फसी लायब्रेरियन, रॉबिन रीड्स, ई-रीडर न्यूज टुडे या सेवा ठरावीक रक्कम घेऊन तुमचं स्वस्त किंवा मोफत पुस्तक आपल्या ईमेल यादीला पाठवतात. खर्च आधी ठरलेला असल्यामुळे बजेट हाताबाहेर जात नाही. तुमच्या भाषेचे आणि कादंबरीच्या प्रकाराचे वाचक त्या यादीत आहेत का, एवढं मात्र पैसे भरण्याआधी बघा.

किंमत कशी उतरवता, याला महत्त्व आहे. सरळ 99 सेंट केलीत तर रॉयल्टी 35 टक्क्यांवर घसरते, म्हणजे प्रतीमागे जेमतेम 35 सेंट. 60 डॉलरची जाहिरात वसूल व्हायला 170हून जास्त प्रती खपायला हव्यात. पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये (ई-बुक फक्त ॲमेझॉनवर विकण्याची, 90 दिवसांच्या मुदतीची योजना) असेल आणि तुम्ही काउंटडाउन डील, म्हणजे ठरावीक दिवसांची सवलत, लावलीत, तर 99 सेंटलाही 70 टक्के कायम राहतात, हातात 64 सेंट येतात आणि 94 प्रतींत वसुली होते. अटी अशा: पुस्तक सिलेक्टमध्ये येऊन 30 दिवस झालेले हवेत, डीलच्या आधी 30 दिवस आणि नंतर 14 दिवस मूळ किंमत बदलायची नाही, डील जास्तीत जास्त सात दिवसांची, आणि ती फक्त अमेरिका व ब्रिटनच्या स्टोअरवर चालते. 90 दिवसांच्या एका मुदतीत काउंटडाउन किंवा पाच दिवस मोफत, यातलं एकच घेता येतं. सिलेक्टमध्ये असताना ई-बुक दुसरीकडे कुठेही विकता येत नाही. पेपरबॅकला ही अट नाही.

एकट्या कादंबरीसाठी मी मोफतपेक्षा 99 सेंट निवडेन. मोफत घेतलेली पुस्तकं बहुतेक वेळा न वाचता पडून राहतात, आणि पुढचा भागच नसेल तर त्यातून कमाईही नाही.

तीन-चार न्यूजलेटर घ्यायची असतील तर एकाच दिवशी लावू नका, लागोपाठच्या दिवशी लावा. एका दिवसाच्या उसळीपेक्षा चार-पाच दिवस टिकलेली विक्री क्रमवारीत पुस्तकाला जास्त वेळ वर ठेवते. नेहमी फसतं ते किमतीच्या वेळेत. हाताने बदललेली किंमत स्टोअरवर दिसायला 72 तासांपर्यंत लागू शकतात. न्यूजलेटर निघायच्या सकाळी पुस्तक जुन्याच किमतीला असेल तर जाहिरात वगळली जाते आणि पैसे परत मिळण्याची खात्री नसते. म्हणून डील जाहिरातीच्या एक दिवस आधी सुरू होईल अशी लावा. अमेरिकेच्या डीलची वेळ तिथल्या पॅसिफिक घड्याळाने चालते, तेही लक्षात असू द्या.

बुकबबची फीचर्ड डील यातली सगळ्यात मोठी आणि महागडी; पैसे आहेत म्हणून मिळत नाही, संपादक निवडतात. किमान 50 टक्के सवलत हवी, गेल्या 90 दिवसांत पुस्तक त्याहून स्वस्त झालेलं नसावं. सात-आठ रिव्ह्यूंवर निवड होणं कठीणच. तरी अर्ज करायला पैसे लागत नाहीत, तेव्हा नकार आला की काही आठवड्यांनी पुन्हा करा.

बुकबब ॲड्स वेगळ्या. त्यांच्या ईमेलच्या तळाशी 300 बाय 250 पिक्सेलचं चित्र दिसतं आणि ठरावीक लेखकांचे फॉलोअर निवडता येतात. तिथला वाचक सवलत शोधायलाच आलेला असतो, त्यामुळे 4.99 चं पुस्तक दाखवून फारसं काही होत नाही. 99 सेंटची डील चालू असेल त्याच आठवड्यात वापरा आणि एका जाहिरातीत एकाच लेखकाचे फॉलोअर घ्या. नाहीतर कोणाचे वाचक क्लिक करतात ते कळणार नाही.

आता ॲमेझॉन ॲड्स. स्पॉन्सर्ड प्रॉडक्ट्स (शोधाच्या निकालांत आणि इतर पुस्तकांच्या पानांवर दिसणारी जाहिरात) हा एकच प्रकार घ्या आणि दोन मोहिमा काढा. पहिली ऑटोमॅटिक, म्हणजे कुठे दाखवायचं ते ॲमेझॉन ठरवतं, रोजचे 2 डॉलर. दुसरी मॅन्युअल, रोजचे 3 डॉलर. तिच्यात तुमच्यासारखं लिहिणाऱ्या लेखकांची नावं आणि त्यांच्या पुस्तकांची पानं लक्ष्य म्हणून द्या. (जाहिरातीत दुसऱ्या लेखकाचं नाव लक्ष्य म्हणून चालतं. पुस्तक अपलोड करताना भरायच्या सात कीवर्डमध्ये मात्र ते चालत नाही.) फार मोठी नावं टाळा, तिथली बोली तुम्हाला झेपणार नाही. बोलीची पद्धत ‘डाउन ओन्ली’ (ॲमेझॉन बोली कमी करू शकतं, वाढवू शकत नाही) ठेवा, सुरुवात 25 ते 30 सेंटने करा. दिसणंच होत नसेल तर तीन-चार दिवसांनी 5 सेंट वाढवा. रोजचं बजेट महिन्याच्या सरासरीने मोजलं जातं, त्यामुळे एखाद्या दिवशी ठरवल्यापेक्षा जास्त गेले तर घाबरू नका.

रोज बोली बदलण्याने मोहिमा बिघडतात. विक्रीचे आकडे उशिरा येतात, आणि क्लिकनंतर 14 दिवसांत झालेली खरेदी जाहिरातीच्या खात्यात धरली जाते. आज निकामी वाटणारं लक्ष्य पुढच्या आठवड्यात विक्री दाखवू शकतं. थांबवायचं कधी? दहात एक विक्री अपेक्षित असेल, तर 30 क्लिकनंतरही शून्य राहणं निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता 4 टक्क्यांच्या आसपास. तिथे ते लक्ष्य बंद करा. दहाच क्लिकवर हीच शक्यता 35 टक्के असते, म्हणजे तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. जाहिरात हजारो वेळा दिसून क्लिक नाही, तर दोष मुखपृष्ठात किंवा लक्ष्यात. क्लिक येतात पण विक्री नाही, तर वर्णनात, किमतीत किंवा नमुन्यात. आठवड्यातून एकदा ऑटोमॅटिक मोहिमेचा सर्च टर्म रिपोर्ट (लोकांनी काय शोधलं त्याची यादी) उघडा, चाललेले शब्द मॅन्युअलमध्ये न्या, ‘फ्री’सारखे निगेटिव्ह करा, म्हणजे त्यांवर जाहिरात दिसणार नाही.

डॅशबोर्डवरचा एकॉस, म्हणजे विक्रीच्या तुलनेत जाहिरातखर्चाची टक्केवारी, विक्रीच्या किमतीवर मोजला जातो, तुमच्या रॉयल्टीवर नाही. तुमच्या ई-बुकसाठी 69 टक्क्यांना हिशेब जेमतेम बरोबरीत सुटतो; पेपरबॅकवर छपाई वजा जाते, म्हणून बराच आधी तोटा होतो. किंडल अनलिमिटेडच्या (वर्गणी भरून वाचण्याची ॲमेझॉनची योजना; सिलेक्टमधली पुस्तकं तिच्यात असतात) वाचनाचे पैसे वेगळ्या रकान्यात असतात. अलीकडे पानामागे अर्ध्या सेंटच्या आत मिळतात, म्हणजे 350 पानं पूर्ण वाचली गेली तर दीड डॉलरच्या आसपास. आणखी एक गोष्ट: जाहिरातीचे पैसे कार्डावरून आधी जातात, रॉयल्टी महिना संपल्यावर सुमारे 60 दिवसांनी येते.

फेसबुक मी शेवटी ठेवेन. पुस्तकाच्या ॲमेझॉन पानावर तुम्हाला मेटाचं (फेसबुकच्या कंपनीचं) पिक्सेल, म्हणजे कोणी खरेदी केली ते कळवणारा कोड, बसवता येत नाही, म्हणून फेसबुकला खरेदीदार कोण ते कळतच नाही. ते फक्त क्लिक करणारी माणसं शोधतं. करायचंच असेल तर ट्रॅफिकची मोहीम घ्या, लक्ष्य लिंक क्लिक ठेवा, ऑडियन्स नेटवर्क, म्हणजे फेसबुकबाहेरच्या ॲपमधल्या जाहिराती, बंद करा (तिथे चुकून बसलेले क्लिक फार) आणि तुम्हाला उपलब्ध असेल तर ॲमेझॉन ॲट्रिब्यूशनची (बाहेरच्या जाहिरातीतून झालेली विक्री मोजणारी) लिंक लावा. ‘बूस्ट’चं बटण दाबू नका, त्यातून लाइक मिळतात.

रिव्ह्यू विकत घेणं ॲमेझॉनच्या नियमांत बसत नाही, आणि अमेरिकेत 21 ऑक्टोबर 2024 पासून फेडरल ट्रेड कमिशनचा खोट्या रिव्ह्यूंविरुद्धचा नियमही लागू आहे. नेटगॅली किंवा बुकसायरन्स या सेवांवर पैसे भरून प्रती वाचकांपर्यंत पोचवणं चालतं, कारण तिथे प्रत मिळते, मत विकलं जात नाही. हे सिलेक्टमध्ये नाव घालण्याआधी उरका. कर्कस इंडीसारखी सशुल्क समीक्षा नियमबाह्य नाही, पण तिची किंमत पाहता या बजेटमध्ये तिला जागा नाही.

आणि ते पॅकेज. ‘बेस्टसेलरची हमी’, ‘अमुक हजार पानं वाचून देऊ’ असं कोणी म्हणत असेल तर ती पानं बहुधा बनावट खात्यांतून वाचली जातात, आणि खातं बंद होतं ते तुमचं. कादंबरीची भरभरून स्तुती करणारा अनोळखी ईमेल, मग बुक क्लबसाठी ‘छोटी फी’ किंवा चित्रपटासाठी ‘पिच’ करण्याचे पैसे, हाही ठरलेला साचा आहे. अशा कंपनीचं नाव लेखकांच्या फसवणुकीबद्दल सावध करणाऱ्या ‘रायटर बिवेअर’ या संकेतस्थळावर शोधून बघा.

तुमच्या 500 पैकी 200 डॉलर सवलतीच्या आठवड्यातल्या न्यूजलेटरना द्या. ते आकडे शांत झाल्यावर, दोन आठवड्यांनी, ॲमेझॉन ॲड्सवर रोजचे 5 प्रमाणे 30 दिवसांत 150. दोन्ही एकत्र चालवलं तर विक्री कशामुळे झाली ते वेगळं काढता येत नाही. उरलेले 150 आता खर्च करू नका. दुसरी कादंबरी आली की पहिलीला पुन्हा 99 सेंटवर आणायला ते लागतील, आणि तेव्हा एका वाचकामागे तुम्हाला आजच्यापेक्षा जास्त मिळत असेल.