मोरपंखी की फिकट पिवळा? आधी दोन्ही नमुने एकमेकांपासून लांब करा

उत्तरेच्या खिडकीची खोली, खाली शहाबादी फरशी, आणि तुम्ही भिंतींना कोणता रंग द्यायचा ते मोरपंखी आणि फिकट पिवळ्याचे पट्टे शेजारी शेजारी ओढून ठरवायला बसलात. तिथेच फसगत होते. मोरपंखीला खेटून पिवळा आहे त्याहून पिवळाधमक दिसतो, आणि पिवळ्याशेजारी मोरपंखी जास्तच काळवंडतो. पॅरिसच्या गोबेलिन या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात काळा दोरा फिका दिसतो अशी तक्रार होती. शेवरल या रसायनशास्त्रज्ञाने छडा लावला, तर दोष रंगात नव्हता, शेजारच्या रंगांत होता. त्याने हे १८३९ साली सविस्तर मांडलं.

म्हणून दोन फूट बाय दोन फुटांचे दोन पुठ्ठे घ्या. प्रायमर, मग रंगाचे दोन हात, आणि रात्रभर वाळू द्या. ओल्या इमल्शनवर मत बनवू नका, वाळल्यावर ते बहुधा गडद होतं. मग एका वेळी एकच पुठ्ठा चारही भिंतींवर फिरवा. सकाळी, दुपारी चारला आणि रात्री तुमचेच दिवे लावून.

पुण्यात उत्तरेच्या खिडकीतून मे मध्य ते जुलैअखेर सोडलं तर भर दुपारी ऊन येत नाही, आणि त्यातही निम्मे दिवस ढगांचे. उरतो आकाशाचा निळसर उजेड. त्यात लिंबाकडे झुकणारा पिवळा हिरवट, आजारी दिसतो. सायीकडे, किंचित गेरूकडे झुकणारा घ्या. शहाबादीच्या करड्या थंडपणालाही तोच ऊब देतो.

मोरपंखी मला फार आवडतो, म्हणूनच सांगते. कर्वेनगरच्या घरात आम्ही तो नेमका खिडकीच्या भिंतीला दिला. दिवसा खिडकी डोळ्यांत घुसायची आणि भोवतीची भिंत नुसती काळी. सासूबाई तिथे बसून निवडणं-टिपणं करायच्या, त्यांनी महिन्याभरात पाट उचलून स्वयंपाकघरात नेला. शेवटी प्रायमर मारून फिका रंग द्यावा लागला, तरी तिसऱ्या हातापर्यंत खालचा निळा डोकावत होता.

तेव्हा माझं मत: तीन भिंती सायीसारख्या पिवळ्या, आणि मोरपंखी फक्त खिडकीसमोरच्या भिंतीला, जिथे उजेड थेट पडतो. रात्री तिथे पिवळसर दिवा ठेवा. पुठ्ठे टाकू नका, पडद्याचं कापड घ्यायला लक्ष्मी रोडला जाताना सोबत न्या.