जमाखर्चाचे साधन निवडताना

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. खर्चाची नोंद ठेवण्यासाठी कोणते ॲप घ्यावे, असे तू विचारले आहेस आणि सोबत चार नावेही पाठवली आहेस. त्यांपैकी एकाची शिफारस करून मोकळे होता आले असते. परंतु या साधनाकडून आपल्याला कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, हे आधी ठरले नसेल तर कितीही चांगले ॲप दोन-तीन महिन्यांत वापरातून जाते, हे मी हिशेब तपासण्याच्या कामात वारंवार पाहिले आहे. पैसे कुठे गेले, हा एक प्रश्न. पुढचा पगार होईपर्यंत हातात किती उरणार, हा दुसरा. आणि सगळी देणी वजा जाता आपले स्वतःचे असे किती आहे, हा तिसरा. बहुतेक ॲप पहिल्या प्रश्नाचे उत्तर रंगीत आलेखात देतात आणि तेथेच थांबतात. तुझ्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू झाला आहे आणि घरीही पैसे पाठवायचे आहेत, म्हणून तुला सध्या दुसऱ्या प्रश्नाची निकड अधिक आहे.

तुझ्या यादीतील दोन ॲप बँकेचे एसएमएस वाचून आपोआप नोंद करतात. ही सोय आकर्षक वाटते, पण ती अपुरी आहे. आयफोनवर कोणत्याही ॲपला असे एसएमएस वाचता येत नाहीत. अँड्रॉइडवर येतात, परंतु लहान रकमेच्या यूपीआय व्यवहारांचे एसएमएस काही बँकांनी पाठवणे बंद केले आहे. यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे लहान रकमा देण्यासाठी आधी पैसे भरून ठेवण्याच्या फोनमधील पाकिटात, दोन हजार रुपये भरले, तर बँकेच्या उताऱ्यात त्या दोन हजारांची एकच ओळ येते. त्यातून पुढे चहाला दिलेले वीस आणि रिक्षाला दिलेले साठ त्या उताऱ्यात दिसत नाहीत. म्हणजे जो किरकोळ खर्च नेमका निसटतो, तोच यंत्राच्या नजरेतूनही निसटतो.

याहून मोठी गफलत वर्गवारीत होते. समज, मार्चच्या २८ तारखेला क्रेडिट कार्डावर ३,२०० रुपयांचे बूट घेतले आणि कार्डाचे बिल एप्रिलमध्ये भरले. साधन नीट नसेल तर ते खरेदीच्या दिवशी ३,२०० आणि बिल भरल्याच्या दिवशी पुन्हा ३,२०० खर्ची टाकते. घरमालकाला दिलेली अनामत रक्कम खर्चात धरली जाते, वास्तविक ते तुझे येणे आहे. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवलेले पैसे, म्युच्युअल फंडाचा मासिक हप्ता आणि मित्राला दिलेले हातउसने यांचीही तीच गत होते. म्हणून कोणतेही साधन घेण्यापूर्वी त्यात हे तीन व्यवहार मुद्दाम भरून पाहा: कार्डाचे बिल, अनामत आणि स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्यात वळवलेली रक्कम. त्यानंतर महिन्याचा एकूण खर्च फुगला, तर ते साधन तेथेच बाजूला ठेव.

ॲप फुकट असेल तर त्याचे उत्पन्न कशातून येते, हे शोधल्याशिवाय राहू नकोस. अनेकदा ते कर्ज आणि क्रेडिट कार्ड विकण्यातून येते, आणि तुझा पगार कोणत्या तारखेला संपतो हे त्या विक्रेत्याला कळणे तुझ्या हिताचे नाही. कर्ज देणाऱ्या ॲपनी फोनमधील संपर्कयादी आणि कॉलची नोंद पाहू नये, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावले आहे. तेव्हा हिशेबाच्या ॲपला संपर्कयादी कशाला हवी, हा प्रश्न तूही विचार. खात्याची माहिती द्यायचीच असेल तर अकाउंट ॲग्रिगेटरचा, म्हणजे आपल्या संमतीने बँकेतील माहिती दुसरीकडे पोचवणाऱ्या मध्यस्थ कंपनीचा, मार्ग त्यातल्या त्यात बरा. त्याचे नियम रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये केले आणि २०२१ मध्ये मोठ्या बँका त्यात सहभागी झाल्या. माहिती कशासाठी, किती काळासाठी आणि किती वेळा मागितली जाणार हे संमतीपत्रात लिहिलेले असते, आणि दिलेली संमती मागेही घेता येते. ते संमतीपत्र वाचूनच पुढे जा. नेट बँकिंगचा पासवर्ड मात्र कोणत्याही ॲपला कधीही द्यायचा नाही.

आपल्या नोंदी बाहेर काढता येतात का, हेही पाहायला हवे. अमेरिकेत २००७ साली सुरू झालेले आणि पुढे इंट्यूट कंपनीने विकत घेतलेले मिंट हे अत्यंत लोकप्रिय साधन मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आले. ज्यांनी आपले व्यवहार वेळेत सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात, उतरवून घेतले, त्यांच्या हाती वर्षानुवर्षांचा हिशेब राहिला. एवढे मोठे साधन बंद पडू शकते, तर लहान कंपनीच्या ॲपचा भरवसा किती धरायचा, याचा विचार कर.

आता माझे मत. पहिले तीन महिने कोणतेही ॲप घेऊ नकोस. साध्या स्प्रेडशीटमध्ये तारीख, कोणाला दिले, किती, कोणत्या खात्यातून आणि कशासाठी, असे पाच रकाने कर आणि रोज रात्री स्वतःच्या हाताने भर. खर्चाची शीर्षके सात-आठपेक्षा जास्त नकोत; वीस शीर्षके केली की किराणा आणि घरखर्च यांत फरक काय, यातच वेळ जातो. वर्षातून एकदाच येणारे खर्च वेगळे लिही. दुचाकीचा विमा, आरोग्यविम्याचा हप्ता आणि दिवाळीला गावी जाणे मिळून १४,४०० रुपये होत असतील, तर दरमहा १,२०० रुपये त्यासाठी राखून ठेवल्यावर जे उरते, तेवढेच खर्चायला मोकळे आहेत असे धर. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे मिळते, आणि ज्या ॲपमध्ये अशी तरतूद दाखवता येत नाही ते तुझ्या उपयोगाचे नाही.

महिनाअखेरीस ताळा घेतल्याशिवाय हिशेब पूर्ण झाला असे समजू नकोस. आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा नावे (म्हणजे खात्यातून गेलेली रक्कम), हे उत्तर पासबुकातील शिल्लकेशी जुळायला हवे, आणि असा ताळा प्रत्येक खात्याचा, यूपीआय लाइटचा आणि पाकिटातील रोखीचाही वेगळा घ्यायला हवा. तीन महिने हे जमले आणि पुढे कर्ज व गुंतवणूक एकत्र पाहावीशी वाटली, तर ग्नूकॅश घे. ते १९९८ पासून चालत आलेले विनामूल्य सॉफ्टवेअर आहे, द्विनोंदी पद्धतीने, म्हणजे प्रत्येक रक्कम कोठून गेली आणि कोठे आली हे दोन्हीकडे नोंदवून, चालते, आणि त्यातील नोंदी तुझ्याच संगणकावर राहतात. शिकायला थोडे जड जाईल, पण कार्डाचे बिल आणि अनामत त्यात आपापल्या जागी बसतात.

पहिल्या महिन्याचा ताळा जुळला नाही, तर फरकाची रक्कम कोणत्याही शीर्षकाखाली ढकलू नकोस. ती तशीच लिहून ठेव आणि स्प्रेडशीट मला पाठव, म्हणजे फरक कोठे पडला ते आपण दोघे मिळून शोधू.

कळावे.