मॅक्सवेलची चार समीकरणं पाठ असतील तर फॅरडेपासूनचा इतिहास वाचायची गरज आहे का?

आहे. वीज आणि चुंबकत्व यांचे नियम या चार समीकरणांत मांडलेले असतात. ‘फॅरडे नुसते प्रयोग करायचा, खरी थिअरी मॅक्सवेलची’ असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. हेच वाक्य मी डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

ठाण्यात वागळे इस्टेटला माझ्या वडिलांचा मोटर रिवाइंडिंगचा, म्हणजे बिघडलेल्या मोटरची तार नव्याने गुंडाळायचा, गाळा होता. शाळा सुटली की मी तिथेच. मिक्सरचं किंवा ड्रिल मशीनचं आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारेचे वेढे असलेला फिरता भाग, आलं की बाबा ते ग्राउलरवर ठेवायचे. ग्राउलर म्हणजे वर खाच असलेला पत्र्यांचा गाभा, त्यावर कॉइल आणि तिला साधा एसी सप्लाय. आर्मेचरवर हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा धरून ते हळूहळू फिरवायचं. वेढे बसवलेल्या एखाद्या खाचेवर तुकडा खर्रर्र करून थरथरायचा, खाली ओढला जायचा. ‘इथे शॉर्ट आहे,’ म्हणजे वेढे एकमेकांना चिकटलेत, म्हणत बाबा खडूने खूण करायचे.

आर्मेचरला बाहेरून एकही वायर जोडलेली नसते. तरी त्या शॉर्ट वेढ्यात करंट उभा राहतो, कारण ग्राउलरचं चुंबकत्व सतत बदलत असतं. २९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरडेने लोखंडी कड्यावर दोन कॉइल गुंडाळून हेच पाहिलं. पहिलीला बॅटरी जोडताना आणि तोडताना दुसरीच्या तारेजवळची चुंबकसुई हलायची, मधल्या वेळात ढिम्म. नुसता करंट असून भागत नाही, बदल लागतो.

परीक्षकांनी हाच फॅरडेचा नियम विचारला, तेव्हा मी ग्राउलर सांगितला. ते म्हणाले, ‘ही गॅरेजची भाषा झाली. समीकरण लिहा. फॅरडेला गणित येत नव्हतं, थिअरी मॅक्सवेलची.’ लिहिलं, पास झालो. घरी मात्र बाबांना यातलं काही सांगितलं नाही.

फॅरडे बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला माणूस, गणित खरंच बेताचं. पण चुंबकाभोवतीची जागा बलरेषांनी भरलेली असते, हे चित्र त्याचं. मॅक्सवेलने वीज आणि चुंबकत्वावरच्या १८७३च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्वतः लिहिलंय की फॅरडेचं संशोधन पूर्ण वाचून होईपर्यंत या विषयातलं गणित वाचायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. फॅरडेची पद्धतही गणितीच आहे, फक्त नेहमीच्या चिन्हांत मांडलेली नाही, असंही त्याने तिथेच म्हटलंय. परीक्षकांनी हे वाचलेलं नव्हतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि तुम्ही पाठ करताय ती चार समीकरणं त्या रूपात मॅक्सवेलची नाहीतच. त्याच्या १८६५च्या निबंधात वीस होती. त्यांना आजचं आटोपशीर रूप १८८०च्या दशकात मुख्यतः ऑलिव्हर हेविसाइडने दिलं. तो सोळाव्या वर्षी शाळा सोडलेला, पूर्वीचा तार ऑपरेटर!

गणित नको असं मी म्हणत नाही. अँपिअर गणितातलाच माणूस होता. ओरस्टेडने १८२० साली तारेजवळ होकायंत्राची सुई वळताना पाहिली आणि अँपिअर काही आठवड्यांत त्यामागचा हिशेब मांडू लागला. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे, हेही ग्राउलरवरून कळत नाही. त्यासाठी मॅक्सवेलचा विस्थापन प्रवाह लागतो, म्हणजे बदलतं विद्युत क्षेत्रही करंटसारखंच चुंबकत्व निर्माण करतं ही कल्पना. त्यातून निघालेल्या लहरी हर्ट्झने १८८७-८८ मध्ये प्रयोगात दाखवल्या, तोवर मॅक्सवेलला जाऊन आठेक वर्षं झाली होती.

तेव्हा आधी फॅरडेचे १८३१चे प्रयोग वाचा, जमलं तर एखाद्या रिवाइंडिंगवाल्याकडे तासभर उभे राहा, मग समीकरणं घ्या. आणि तोंडी परीक्षेत कुणी फॅरडेचं गणित काढलं, तर मॅक्सवेलची प्रस्तावना सांगा. मला तेव्हा ती माहीत नव्हती.