.३७५ वर कोणता स्कोप? आधी लहान आकडा बघा

तुमच्याकडे .३७५ एच अँड एच मॅग्नम या दणकट काडतुसाची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे, परवाना केप बफेलो (आफ्रिकेतला रानरेडा) आणि कुडू (तिथलं मोठं हरीण) यांचा आहे, आणि ‘झूम हाताशी जास्त असलेला बरा’ म्हणून ४-१६×५० स्कोप (रायफलवरची दुर्बीण: ४ ते १६ पट, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं) घ्यायचा विचार आहे. माझं मत विचाराल तर तो घेऊ नका. १-६×२४ किंवा १.५-६×४२ घ्या.

दुकानात सगळे मोठा आकडा बघतात. मोठ्या जनावरासाठी बघायचा असतो तो लहान आकडा. चार पटीवर ठेवलेल्या स्कोपमधून १०० मीटरवर साधारण ९ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. ऐकायला भरपूर वाटतं. पण झुडपात रेडा १५ मीटरवर उभा असेल, तर तोच पट्टा जेमतेम १ मीटर ३५ सेंटीमीटरचा होतो. म्हणजे डोळ्यासमोर नुसतं काळं कातडं. खांदा आहे, पोट आहे की मागचा पुठ्ठा, याचा पत्ता लागेपर्यंत जनावर तिथे राहत नाही. हाच हिशेब एक पटीवर केला तर त्याच अंतरावर पाच मीटरहून जास्त दिसतं. अख्खा रेडा दिसतो, त्याच्या मागे दुसरा उभा आहे का तेही दिसतं. ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण .३७५ ची सॉलिड, म्हणजे आत न फुलणारी गोळी पहिल्या जनावरातून आरपार जाऊन मागच्याला लागू शकते.

मग कुडूचं काय? दोनशे मीटरवरच्या कुडूला सहा पट पुरून उरते. शिंगं न्याहाळायची असतील तर गळ्यात दुर्बीण असतेच. रायफल रोखून जनावरं न्याहाळत बसणं ही वाईट खोड आहे, झाडीत समोर माणूसही असू शकतो.

५० मिलिमीटरच्या भिंगाने उजेड जास्त मिळतो, हा समज अर्धाच खरा. भिंगाच्या व्यासाला पटीने भागा, म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास मिळतो. ५० ला १६ ने भागलं तर ३.१ मिलिमीटर. ४२ ला ६ ने भागलं तर ७, आणि अंधारात तरुण डोळ्याची बाहुलीसुद्धा साधारण तेवढीच उघडते, वय वाढलं की त्याहून कमी. संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात बसणार असाल तर १.५-६×४२ त्यासाठीच आहे. ५० च्या भिंगाला रिंगा (स्कोप धरणाऱ्या कड्या) उंच लागतात, उंच रिंगांमुळे गाल दस्त्यावरून सुटतो, आणि .३७५ चे दस्ते बरेचदा उघड्या साइटच्या (नळीवरच्या बिनकाचेच्या माशी-खाचेच्या) हिशेबाने बनवलेले असतात. गाल टेकला नाही की दणका थेट तोंडावर.

आय रिलीफ म्हणजे डोळा आणि मागची काच यांतलं अंतर. .३७५ चा धक्का .३०-०६ या नेहमीच्या शिकारी काडतुसाच्या जवळजवळ दुप्पट असतो, तेव्हा ९० मिलिमीटरच्या खाली येऊच नका, १०० मिळालं तर उत्तम. काही स्कोपमध्ये पट वाढवली की हे अंतर कमी होतं, म्हणून माप सगळ्यात मोठ्या पटीवर बघा. स्कोप चढवताना रिंगा सैल ठेवा. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. कडेला काळी सावली न येता पूर्ण गोल दिसला पाहिजे. मान पुढेमागे करावी लागली तर स्कोप सरकवा, मान नको. हेच उभ्याने, गुडघ्यावर आणि पालथं झोपून करा. पालथं झोपलं की डोळा आपोआप पुढे सरकतो, आणि भुवईवरची ती चंद्रकोरीसारखी खूण बहुतेकांना तिथेच मिळते.

रेटिकल, म्हणजे काचेत दिसणारी नेमाची खूण, साधं हवं. बाहेरून जाड दांडे, मध्ये बारीक फुली, जर्मन नंबर ४ सारखं. मध्ये पेटणारा ठिपका असला तर काळ्या कातड्यावर फार उपयोगी, पण बॅटरी संपल्यावरही फुली नीट दिसते ना, ते आधी तपासा. फर्स्ट फोकल प्लेनच्या, म्हणजे पटीबरोबर लहानमोठ्या होणाऱ्या रेटिकलच्या, नादी लागू नका, त्यात एक पटीवर रेटिकल इतकं बारीक होतं की सावलीत सापडत नाही. टरेटवर, म्हणजे नेम जुळवायच्या फिरकीवर, टोपण असावं. तुम्हाला क्लिक मोजत बसायचं नाहीये: ३०० ग्रेन वजनाची, नेहमीच्या वेगाची गोळी १०० मीटरला साधारण ५ सेंटीमीटर वर लावली, की २०० मीटरच्या जरा अलीकडे बरोबर नेमावर येते. तेवढ्या पल्ल्यात खांद्यामागे नेम धरायचा, बस्स. नळी २५.४ मिलिमीटरची की ३० ची, यावर डोकं शिणवू नका. ३० मध्ये मुख्यतः अ‍ॅडजस्टमेंटला जागा जास्त मिळते, उजेड नव्हे.

पैसे वाचवायचे असतील तर स्कोपात थोडे वाचवा, माउंटात (स्कोप रायफलला धरणाऱ्या रिंगा आणि त्याखालचा बेस यांत) अजिबात नको. एवढ्या धक्क्याला बेसचे स्क्रू जाड म्हणजे ८-४० मापाचे असलेले बरे. त्याहून बारीक ६-४८ चे असतील तर बंदूक-मिस्त्रीकडून भोकं मोठी करून घ्या. स्क्रूवरचं तेल पुसून मगच आवळा, आणि तेही टॉर्क रेंचने, बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याइतकंच. हाताच्या अंदाजाने रिंगा आवळल्या तर नळी दबते.

माउंट खटक्याने निघणारा घ्या आणि रायफलवर उघडी साइट राहू द्या. काच फुटली किंवा पावसाने भरली तर स्कोप काढून काम चालू ठेवता येतं. काढून परत बसवल्यावर गोळी त्याच जागी जाते का, हे निघण्यापूर्वी रेंजवर पाहा: तीन गोळ्या मारा, स्कोप काढा, बसवा, पुन्हा तीन मारा. दोन्ही गट १०० मीटरला चार बोटांच्या आत एकमेकांवर बसले तर माउंट ठेवा, नाहीतर परत करा. आणि उघडी साइटही त्याच दिवशी ५० मीटरवर लावून घ्या.